डबे हाजिर हो!

अमेरिकेतल्या फेडरल न्यायालयांचे जुने निकाल चाळायला बसले, की काही खटल्यांची नावे वाचून आधी हसूच येते. १९१६ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने निकाली काढलेला एक खटला आहे ‘अमेरिकेची संयुक्त संस्थाने विरुद्ध कोकाकोलाची चाळीस मोठी व वीस लहान पिंपे’. १९२४ सालच्या दुसऱ्या एका खटल्यात सरकारपुढे उभी आहेत ‘ॲपल सायडर व्हिनेगर म्हणवणारी, कमी-अधिक पंचाण्णव पिंपे’. या मालिकेतले एक नेहमीचे पात्र म्हणजे डबाबंद सॅल्मन. सरकार एका बाजूला आणि दुसऱ्या बाजूला माशांच्या डब्यांच्या अमुक इतक्या पेट्या. मालक कुठे आहे, तो कोण आहे, हा प्रश्न नंतरचा. आधी डब्यांना पुकारा.

आपल्याकडे देवस्थानच्या जमिनीच्या दाव्यात खुद्द देव वादी म्हणून उभा राहतो, त्यामुळे माणूस नसलेला पक्षकार मराठी वाचकाला अगदीच नवा नाही. अमेरिकेतल्या या प्रथेचे मूळ मात्र समुद्रात आहे. जहाजाने कुणाचे नुकसान केले आणि मालक दूरदेशी असला, तर दावा जहाजावरच लावायचा आणि ते बंदरातच अडकवून ठेवायचे, अशी सागरी न्यायालयांची जुनी रीत. ३० जून १९०६ रोजी राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी अन्न व औषध शुद्धतेच्या कायद्यावर सही केली, तेव्हा त्याच्या दहाव्या कलमात हीच रीत उचलण्यात आली. भेसळीचा माल एका राज्यातून दुसऱ्या राज्यात गेला, की सरकारी वकिलाने मालावरच दावा लावायचा, मार्शलने जाऊन तो ताब्यात घ्यायचा आणि पुढची कारवाई सागरी न्यायालयाच्या धर्तीवर चालवायची. शीर्षकातले ‘कमी-अधिक’ हे शब्दही यातूनच आलेले. दावा लिहिताना गोदामात नेमक्या किती पेट्या निघतील हे कुणाला ठाऊक? दोन इकडेतिकडे झाल्या म्हणून खटला कोसळू नये, एवढीच तजवीज.

कायदा १ जानेवारी १९०७ पासून अमलात आला. त्यामागे कृषी खात्याच्या रसायन विभागाचे प्रमुख डॉ. हार्वे वायली यांची वर्षानुवर्षांची खटपट होती आणि शिकागोच्या मांस कारखान्यांवरच्या अप्टन सिंक्लेअर यांच्या कादंबरीने १९०६ साली उडवलेली खळबळ होती. वायलींनी तर १९०२ पासून तरुण स्वयंसेवकांच्या जेवणात टाकणखार, फॉर्मल्डिहाइड असली परिरक्षके घालून त्यांचे काय होते ते पाहिले होते. पण डबाबंद माशाचा प्रश्न रसायन मिसळण्याचा नव्हता. त्यात कुणी काही घातलेले नसे. जे होते तेच नासलेले असे.

हे कसे होई, ते समजण्यासाठी सॅल्मनच्या धंद्याकडे पाहायला हवे. (आपल्या हॉटेलांच्या मेनूवर रावसाला ‘इंडियन सॅल्मन’ म्हणतात, पण रावस वेगळा. हा उत्तरेच्या थंड पाण्यातला, अंडी घालायला समुद्रातून नदीत चढणारा मासा.) पॅसिफिक किनाऱ्यावरचा सॅल्मन डब्यात भरण्याचा पहिला कारखाना १८६४ साली कॅलिफोर्नियात सॅक्रामेंटो नदीवर निघाला, दोन वर्षांत तो धंदा कोलंबिया नदीवर पोचला आणि १८७८ साली अलास्कात. सॅल्मनची अडचण अशी की तो येतो तेव्हा एकदम येतो. काही आठवड्यांचा हंगाम, त्यातही ऐन भराचे मोजके दिवस. त्या दिवसांत जाळी ओसंडून वाहत आणि कारखान्याची यंत्रे मात्र तेवढ्याच वेगाने चालत. मग पकडलेला मासा सपाट तळाच्या होड्यांमध्ये ढिगाने पडून राही. बर्फ असेच असे नाही. उन्हाळ्यात अलास्कातही दिवस लांब असतो आणि ढिगाच्या तळचा मासा वरच्यांच्या ओझ्याने चेंगरलेला असतो. बाजारात कल्ले उघडून, पोट दाबून मासळी पाहणाऱ्या कुठल्याही कोकणी बाईने हा मासा हातातून परत टाकला असता. कारखान्यात तो कापला जाई, डब्यात भरला जाई, डब्याला झाकण बसे आणि बंद डबे वाफेच्या मोठ्या पातेल्यात साधारण ११५ ते १२० अंश सेल्सियसला तासा-दीड तासासाठी शिजत.

खरी मेख इथे आहे. इतक्या उष्णतेने जंतू मरतात. डबा नीट बंद असेल तर आत पुढे काहीही कुजत नाही, डबा फुगत नाही, वर्षानुवर्षे तसाच राहतो. पण शिजण्याआधी जंतूंनी जे करून ठेवले ते उष्णतेने पुसले जात नाही. प्रथिनांचे तुकडे झालेले असतात, वासाची द्रव्ये तयार झालेली असतात. म्हणजे डबा निर्जंतुक आणि मासा नासका, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. वरून डबा चकचकीत, लेबलवर उडी मारणारा मासा. गिऱ्हाइकाला कल्ले पाहायची सोय नाही.

फुगलेला डबा ही वेगळी जात. त्यात जंतू जिवंत राहिलेले असतात किंवा शिवणीतून मागाहून शिरलेले असतात आणि त्यांच्या वायूने झाकण वर येते. त्या काळी असे डबे भोक पाडून हवा सोडून, पुन्हा डाख देऊन, पुन्हा शिजवून बाजारात आणण्याचा उद्योगही चाले. तो पकडणे तुलनेने सोपे होते, कारण डाखाचा दुसरा टिपका दिसे. न फुगलेला, देखणा, नासक्या माशाचा डबा पकडणे अवघड.

१९०६ च्या कायद्याने भेसळीच्या व्याख्येत एक वाक्य घातले होते: जो पदार्थ पूर्णतः वा अंशतः घाणेरड्या, नासलेल्या किंवा कुजलेल्या प्राणिज वा वनस्पतिज द्रव्याचा आहे, तो भेसळीचा. मूळ वाक्यरचनेत हे शब्द ‘किंवा’ने जोडलेले आहेत आणि त्या ‘किंवा’वर कारखानदारांच्या वकिलांनी बरीच शक्ती खर्च केली. त्यांचे म्हणणे साधारण असे की हा मासा खाऊन कुणी आजारी पडले आहे का? डॉक्टरचा दाखला आहे का? नाही ना, मग जप्ती कशाची? १९२२ साली पश्चिम किनाऱ्याच्या नवव्या सर्किट अपील न्यायालयापुढे डबाबंद सॅल्मनचा असाच खटला आला. न्यायालयाने एकच गोष्ट सांगितली. अपाय सिद्ध करण्याची गरज नाही. नासलेला आहे, एवढे पुरे. नागरिकाला विषापासून वाचवणे हा कायद्याचा एक हेतू आणि नासके अन्न त्याच्या ताटात न येऊ देणे हा दुसरा, स्वतंत्र हेतू. मला हा निकाल त्या सगळ्या कायद्याचा कणा वाटतो. अपाय झाल्यावरच धावणारा कायदा अन्नाच्या बाबतीत काय कामाचा? १९३८ साली जुन्या कायद्याच्या जागी नवा, कडक कायदा आला, तेव्हाही हे कलम राहिले आणि वर ‘किंवा अन्य प्रकारे खाण्यास अयोग्य’ अशी पुस्तीही जोडली गेली.

‘अंशतः’ या शब्दाची मात्र पुढे पंचाईत झाली. शब्दशः घेतला तर जगातले कुठलेच अन्न टिकणार नाही. पोत्यात एखादा किडका दाणा असायचाच. १९७० साली बुरशी लागलेल्या कॉफीच्या ४८४ पोत्यांच्या खटल्यात अपील न्यायालयाने हे मान्य केले आणि किती चालेल याची व्यवहार्य मर्यादा ठरवण्याचे काम प्रशासनाचे आहे, असे म्हटले. माशाच्या डब्यांत ही मर्यादा नमुन्यातल्या खराब डब्यांच्या संख्येवर ठरते. झाकणावर उठवलेला सांकेतिक क्रमांक कोणत्या कारखान्याचा, कोणत्या दिवसाचा माल ते सांगतो. त्या त्या क्रमांकाचे डबे वेगळे काढून तपासले जातात.

ही तपासणी कशाने होते? नाकाने. इतका मोठा कायदा, मार्शल, सरकारी वकील, अपिले, आणि शेवटी सगळा डोलारा एका माणसाच्या नाकावर. तपासनीस डबा उघडतो, मासा बाहेर काढतो, मांस मोडून ताजा फोडलेला भाग नाकाजवळ नेतो. पहिल्या श्वासातच काय ते कळते. तोच डबा पुन्हा पुन्हा हुंगला तर नाक सरावते आणि दगा देते. म्हणून मध्ये थांबायचे, हात धुवायचे, मोकळ्या हवेत श्वास घ्यायचा. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनात सॅल्मनचे तीन वर्ग करतात: पहिला चालण्याजोगा, दुसऱ्यात नासल्याची खूण हलकी पण निश्चित, तिसऱ्यात ती उघड. दुसऱ्या वर्गाबद्दल शंकेला जागा ठेवून चालत नाही, कारण उद्या कोर्टात उलटतपासणी व्हायची असते. हे नाक वर्षानुवर्षांच्या सरावाने तयार होते आणि जुन्या तपासनिसांच्या हाताखाली बसूनच शिकावे लागते.

ट्यूना, म्हणजे आपला कुपा, याच्या बाबतीत डोळ्यांनाही काम आहे. नासू लागलेला ट्यूना शिजवला, की त्याच्या मांसाला मधाच्या पोळ्यासारखी बारीक छिद्रे पडतात. रसायनशास्त्रही इथे मदतीला येते. ट्यूना, बांगडा, तारली या माशांच्या मांसात हिस्टिडीन नावाचे अमिनो आम्ल भरपूर असते. मासा गरम राहिला तर काही जंतू त्याचे हिस्टामिन करतात. हिस्टामिन शिजवून जात नाही, डबाबंद करून जात नाही, गोठवूनही जात नाही. खाल्ल्यावर थोड्याच वेळात चेहरा लाल होतो, डोके दुखते, अंगावर गांधी उठतात. जिभेला तिखट चटका बसल्यासारखे वाटते. लोक समजतात माशाची ॲलर्जी झाली. असते ती मासा उन्हात राहिल्याची पावती. अमेरिकी प्रशासनाने १९९० च्या दशकात दहा लाख भागांत ५० भाग हिस्टामिन ही नासल्याची खूण मानली. भारताच्या मानकांत अशा माशांसाठी एका साठ्यातून नऊ नमुने घेतात. त्यांतल्या जास्तीत जास्त दोन नमुन्यांत हिस्टामिन किलोमागे १०० मिलिग्रॅमच्या वर गेलेले चालते आणि २०० च्या वर एकही चालत नाही. सॅल्मनमध्ये हिस्टिडीन तुलनेने कमी, त्यामुळे तिथे ही फूटपट्टी लंगडी पडते. म्हणून नाकाची नोकरी शाबूत राहिली.

जप्त झालेल्या मालाचे पुढे काय होते, ते कृषी खात्याच्या जुन्या निकालपत्रिका सांगतात. कायद्यानेच या निकालांना प्रसिद्धी द्यायची होती, म्हणून खाते ते पुस्तिकांमधून छापत असे. मजकूर ठरावीक: माल कुठून कुठे निघाला, तपासणीत काय आढळले, न्यायालयाने काय हुकूम केला. सगळ्यात जास्त वेळा दिसणारे वाक्य म्हणजे मालाचा दावेदार हजर झाला नाही, सबब माल सरकारजमा करून मार्शलने नष्ट करावा. डब्यांच्या नावाने पुकारा झाला, डबे हजर होते, मालकच फिरकला नाही! दुसरा मार्ग समेटाचा. मालक येतो, आरोप मान्य करतो, खर्च भरतो, जामीन लिहून देतो आणि सरकारी देखरेखीखाली खराब क्रमांकाचे डबे वेगळे करून चांगला माल सोडवून नेतो. तिसरा मार्ग लढण्याचा. मागितल्यास ज्यूरीही मिळते. तो मार्ग फार थोडे धरत.

आधी जप्ती आणि मग सुनावणी, हे न्यायाला धरून आहे का, हा प्रश्नही विचारला गेला. १९०६ साली शिकागोच्या आरोग्य अधिकाऱ्यांनी एका शीतगृहातल्या कोंबड्यांच्या ४७ पिंपांवर बोट ठेवले. माल सडला आहे, नष्ट करायला द्या. कंपनीने नकार दिला आणि आधी आमचे ऐका म्हणत शेवटी सर्वोच्च न्यायालय गाठले. न्यायालयाने १९०८ साली सांगितले की सडके अन्न लोकांच्या पोटात जाण्याआधी काढून घेणे हे शहराचे काम आहे. माल चांगला होता असे मालकाला वाटत असेल तर त्याने नंतर नुकसानभरपाईचा दावा लावावा. १९११ च्या दुसऱ्या एका खटल्यात सेंट लुइसहून पेओरियाला पाठवलेले अंड्यांचे पन्नास डबे होते. त्यांत बोरिक आम्ल घातलेले होते. कंपनी म्हणाली, प्रवास संपला, डबे आता बेकरीच्या कोठीत आहेत, विकायचेही नाहीत, मग आंतरराज्य व्यापाराचा कायदा लागतो कसा? न्यायालय म्हणाले, असला माल व्यापारातला गुन्हेगार आहे, सापडेल तिथे धरता येईल.

हे सगळे वाचताना वाटते, अमेरिकेने यंत्रणा पक्की बसवली. पण यंत्रणेतल्या नाकापेक्षा वरचा कुणी आडवा आला तर काय होते, याचा धडा शेजारच्या कॅनडाने दिला. १९८५ साली न्यू ब्रन्सविक प्रांतातल्या सेंट अँड्र्यूजजवळच्या स्टारकिस्ट कारखान्याचा सुमारे दहा लाख डबे ट्यूना मत्स्य खात्याच्या तपासनिसांनी नाकारला. मासा नासका, वास येणारा, खाण्यास अयोग्य, असा त्यांचा शेरा. कारखान्यात चारशेच्या आसपास माणसे कामाला होती आणि त्या भागात दुसरा मोठा रोजगार नव्हता. कंपनीने धाव घेतली, प्रांताच्या मुख्यमंत्र्यांनी रदबदली केली आणि मत्स्यमंत्री जॉन फ्रेझर यांनी आपल्याच तपासनिसांचा शेरा बाजूला सारून माल विक्रीला मोकळा केला. नोकऱ्यांचे दडपण खोटे नव्हते, हे मान्य केले पाहिजे. खोटे होते ते एवढेच, की ज्याने डबा हुंगलेला नाही त्याने हुंगणाऱ्यापेक्षा आपल्याला अधिक कळते असे धरून चालणे.

१७ सप्टेंबर १९८५ रोजी सीबीसी वाहिनीच्या ‘द फिफ्थ इस्टेट’ या कार्यक्रमाने प्रकरण बाहेर काढले. देशभर खळबळ झाली, डबे दुकानांतून परत मागवले गेले, पंतप्रधान ब्रायन मलरोनी यांना आधी माहीत होते की नव्हते यावर सभागृहात रण पेटले आणि २३ सप्टेंबरला, म्हणजे जेमतेम आठवड्यात, फ्रेझर यांनी राजीनामा दिला. लोकांनी त्या ब्रँडकडे पाठ फिरवली आणि कारखाना बंद पडला. ज्या चारशे नोकऱ्या वाचवायला माल सोडला, त्याच आधी गेल्या. तो ट्यूना खाऊन कुणी आजारी पडल्याची मात्र नोंद नाही. अमेरिकी कारखानदारांच्या जुन्या वकिलांना हा मुद्दा फार आवडला असता. कॅनडाच्या गिऱ्हाइकाला तो पटला नाही. (फ्रेझर पुढच्याच वर्षी गुप्त मतदानाने निवडलेले कॅनडाच्या कनिष्ठ सभागृहाचे पहिले अध्यक्ष झाले. राजकारणात डबे पुन्हा शिजवता येतात.)

याच्या अगदी उलट टोकाला दुसरे प्रकरण आहे. १९७८ साली इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमला चार वृद्धांनी अलास्काच्या सॅल्मनचा एक डबा उघडून खाल्ला. चौघांनाही बोटुलिझम झाला आणि दोघे दगावले. मासा ताजा होता, वास नव्हता, डबा फुगलेला नव्हता. शिजवल्यानंतर गार होताना एका बारीक छिद्रातून जंतू आत शिरले होते. चार वर्षांनी बेल्जियममध्येही असाच एक मृत्यू झाला आणि डबे घडवणाऱ्या यंत्राच्या दोषामुळे अलास्काचे कोट्यवधी डबे परत बोलवावे लागले. तिथे नाक निरुपयोगी होते. म्हणजे वास येणारा डबा बहुधा मारत नाही आणि मारणारा डबा बहुधा वास देत नाही. कायद्याला दोन्ही सांभाळावे लागतात.

आता आपल्याकडे. भारताच्या १९५४ च्या अन्न भेसळ प्रतिबंधक कायद्यात भेसळीची व्याख्या वाचली तर अमेरिकेचा १९०६ चा प्रतिध्वनी स्पष्ट ऐकू येतो: पूर्णतः वा अंशतः घाणेरडे, सडलेले, नासलेले, कुजलेले द्रव्य. त्या कायद्याची जागा घेणारा २००६ चा अन्न सुरक्षा व मानके कायदा ‘असुरक्षित अन्न’ अशी व्यापक संज्ञा वापरतो. त्याचे कलम ३८ अन्न सुरक्षा अधिकाऱ्याला नमुना घेण्याचे आणि माल जप्त करण्याचे अधिकार देते. नाशवंत माल खाण्यायोग्य उरलेला नसेल तर व्यापाऱ्याला लेखी नोटीस देऊन तो नष्टही करता येतो. महाराष्ट्रात हे काम अन्न व औषध प्रशासन करते. आपल्याकडे दावा डब्यावर लागत नाही, माणसावर लागतो. ‘कमी-अधिक पंचाण्णव पिंपे’ इथल्या कोर्टाच्या बोर्डावर दिसणार नाहीत. आणि लगेचच कलम ३९ येते: विनाकारण, त्रास देण्यासाठी जप्ती केली तर अधिकाऱ्यालाच एक लाख रुपयांपर्यंत दंड. हे कलम मला आवश्यक वाटते, पण त्यामुळे अधिकाऱ्याच्या नाकाला प्रयोगशाळेची साथ असणे आणखी गरजेचे होते. विश्लेषकाने अहवाल चौदा दिवसांत द्यायचा आहे, असे कायदा म्हणतो. तेवढ्या प्रयोगशाळा आणि तेवढी माणसे असतील तरच हे वाक्य कागदावरून खाली उतरेल.

वाचकाच्या कामाची गोष्ट कलम ४० मध्ये आहे. विकत घेतलेला पदार्थ शुल्क भरून अन्न विश्लेषकाकडून तपासून घेण्याचा हक्क प्रत्येक ग्राहकाला आहे. माल निकृष्ट निघाला तर भरलेले शुल्क परत मिळते. तेव्हा माशाचा डबा फुगलेला, गळका किंवा शिवणीशी चेमटलेला दिसला तर उघडू नका. उघडल्यावर वास खटकला तर चव घेऊन खात्री करण्याच्या भानगडीत पडू नका. डबा फेकण्याआधी झाकणावरचा बॅच क्रमांक उतरवून घ्या, दुकानाची पावती जपा आणि अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करा. डबा एकटा नसतो. त्याच क्रमांकाचे आणखी कितीतरी डबे दुसऱ्यांच्या फडताळात असतात.